तळमजल्याची किल्ली

माझ्या टेबलाच्या उजवीकडच्या वरच्या खणात सहा वर्षं एक किल्ली होती. तिला निळी प्लास्टिकची पट्टी बांधलेली होती आणि पट्टीवर माझ्याच अक्षरात ‘तळमजला, दिव्यांग’ असं लिहिलेलं होतं. त्याच खणात माझ्या मधुमेहाच्या गोळ्या असत. या दोन वस्तूंचा एकमेकींशी संबंध होता आणि तो सांगायला मला लाज वाटते, म्हणून आधीच सांगून टाकतो. ती किल्ली दिव्यांगांसाठी बांधलेल्या टॉयलेटची होती, आणि ते टॉयलेट मी वापरत होतो.

मी चेन्नईतल्या एका केंद्र सरकारी कार्यालयात आहे. साताऱ्याहून बदली झाली तेव्हा तीन वर्षांत परतायचं ठरलं होतं, त्याला आता सतरा वर्षं झाली. वेस्ट मांबलमला दोन खोल्यांचा फ्लॅट, बायको, आणि मराठीत वाक्य सुरू करून तमिळमध्ये संपवणारी मुलगी, असा संसार आहे.

दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या हक्कांचं रक्षण करायला प्रत्येक कार्यालयात एक संपर्क अधिकारी असावा, असा नियम आहे. आमच्याकडे तो नेमायची बैठक झाली त्या दिवशी मी भाचीच्या लग्नाला कराडला होतो. बैठकीत हजर असलेल्या प्रत्येकाने आपल्या कामाचा व्याप सांगितला. मी तिथे नसल्यामुळे माझा व्याप कोणी सांगितला नाही. परत आलो तर टेबलावर नेमणुकीचा आदेश होता, आणि कागद पंख्याने उडू नये म्हणून त्याच्यावर ही किल्ली ठेवलेली.

टॉयलेट खरंच चांगलं होतं. रुंद दार, धरायला स्टीलचे दांडे, पाय घसरणार नाही अशी फरशी. मोठ्या साहेबांची केबिन धरूनसुद्धा इमारतीत एवढी स्वच्छ जागा दुसरी नव्हती. साहेबांनी फीत कापली आणि आत फोटो काढला. कमोडभोवती सात पुरुष हसत उभे आहेत असा तो फोटो अजून फाइलीत आहे. त्यानंतर प्रश्न आला तो स्वच्छतेचा. उघडं ठेवलं तर सगळेच वापरणार, मग तपासणीला कोणी आलं तर दाखवायचं काय? म्हणून कुलूप कायमचं लागलं. किल्ली गरजूंनी संपर्क अधिकाऱ्याकडून मागून घ्यावी आणि नोंदवहीत नोंद करावी, असं ठरलं. नोंदवही मी आखली. नाव, किल्ली घेतल्याची वेळ, परत केल्याची वेळ, आणि कारण. ‘कारण’ हा रकाना मी का आखला हे मला आजही सांगता येत नाही. रूळ हातात होता आणि पानावर जागा उरली होती.

गरजू आम्ही तिघे निघालो. मोठे साहेब, लेखाधिकारी आणि मी, तिघांनाही साखर. आम्हाला नोंद करावी लागत नसे.

माझ्या टेबलापासून चार पावलांवर ती बसायची. आस्थापना विभागात डेटा एन्ट्री ऑपरेटर, कंत्राटी, नऊ वर्षं. लहानपणच्या पोलिओमुळे उजव्या पायाला कॅलिपर आणि हातात काठी. घरचे मूळचे तंजावरकडचे मराठी. तिचं बोलणं ऐकताना कोणी जुनी बखर मोठ्याने वाचतंय असं मला वाटायचं. माझं बोलणं ऐकताना आपण बातम्या ऐकतोय असं तिला वाटतं, हे तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

बायकांचं टॉयलेट पहिल्या मजल्यावर होतं, अठरा पायऱ्या वर. नोंदवही सुरू झाली त्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली, पान उघडून रकाने वाचले, वही मिटली आणि परत जागेवर जाऊन बसली. त्यानंतर तिने किल्ली कधी मागितली नाही. सकाळी तिच्या टेबलावर पाण्याची बाटली भरलेली असे आणि संध्याकाळी भरलेलीच पिशवीत जात असे. मी हे बघत होतो. एकेका माणसाला तहान कमी असते, असं मी समजत होतो. समजत होतो म्हणण्यापेक्षा, त्यापुढे विचार केला असता तर नोंदवहीपर्यंत गेलो असतो, म्हणून तिथेच थांबत होतो.

दर वर्षी तिचं कंत्राट वाढवताना शेरा मी लिहायचो. पहिल्या वर्षी लिहिलं, ‘जागेवरून क्वचितच उठते. इतरांनी अनुकरण करावे.’ पुढच्या प्रत्येक वर्षी मी ‘मागील वर्षाप्रमाणे’ असं लिहिलं.

आमच्या कार्यालयात हे दोन शब्द फार चालतात. वरून माहिती मागवणारं पत्र आलं की आम्ही आधी मागच्या वर्षीचं उत्तर शोधतो. ते सापडलं की काम झालं.

महिला दिनाला तिला गुलाब मिळायचा आणि दिव्यांग दिनाला पुष्पगुच्छ. दोन्ही कार्यक्रम पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये असत, त्यामुळे दोन्ही फुलं शिपाई खाली आणून द्यायचा. एका वर्षी मी महिला समितीच्या बाईंना टॉयलेटबद्दल सहज विचारलं. त्या म्हणाल्या, तो विषय दिव्यांगांचा आहे, संपर्क अधिकाऱ्याला विचारा. संपर्क अधिकारी मीच होतो. मी विषय संपवला.

मग कनिष्ठ लिपिकाचं एक पद रिकामं झालं. नियमाप्रमाणे ते दिव्यांगांसाठी राखून भरायची पाळी होती, आणि ते काम नऊ वर्षं तीच करत होती. कायम होण्याची तिला ही एकच संधी होती, कारण वयाची मर्यादा तिच्या अगदी जवळ आली होती. पण अशा पदासाठी आधी एक तक्ता भरून पाठवावा लागतो. या कामाला बसावं लागतं का, उभं राहावं लागतं का, चालणं, वाकणं, चढणं, उचलणं लागतं का, आणि कार्यालयात सोयी आहेत का. त्यावरून वरची मंडळी ठरवतात की हे काम दिव्यांग माणसाला जमेल की नाही.

त्यासाठी आमची समिती बसली. बटाट्याचे बोंडे आणि कॉफी आली. दिव्यांगांचे प्रतिनिधी म्हणून नेमलेले सदस्य बदली होऊन गेले होते, त्यांची खुर्ची आदराने रिकामी ठेवली होती. लेखाधिकारी म्हणाले, “क्लार्कला जुन्या फाइली काढाव्या लागतात. म्हणजे शिडी आली. चढणं, हो.”

“वाकणं?” मी विचारलं.

“शिडीवरून उतरल्यावर वाकावं लागतंच. हो.”

सोयींच्या रकान्यापाशी कोणीतरी मागच्या वेळचं उत्तर काढायला सांगितलं. ते टॉयलेट बांधण्याच्या आधीचं होतं: ‘तळमजल्यावर दिव्यांगांसाठी स्वतंत्र प्रसाधनगृह नाही, सबब सदर पद योग्य वाटत नाही.’ मला टॉयलेट आहे हे माहीत होतं. बैठकीच्या पाच मिनिटं आधी मी तिथेच होतो. पण बोललो असतो तर किल्लीचा, नोंदवहीचा आणि आम्हा तिघांचा विषय निघाला असता. मी लिहिलं, मागील वर्षाप्रमाणे.

ही बैठक चालू असताना, ज्या कामाला दिव्यांग माणूस चालेल का याची आम्ही चर्चा करत होतो, ते काम दाराबाहेर ती करत होती. बैठकीचं इतिवृत्तही तिनेच टाइप केलं.

योगायोगाने त्याच आठवड्यात दुसऱ्या एका विभागाला सोयींचा अहवाल जायचा होता. त्यात टॉयलेट होतं, सात माणसांच्या फोटोसकट.

दोन्ही कागद घेऊन ती माझ्याकडे आली.

“सार, हे दोन्ही आजच्याच टपालास जायचे?”

“हो. का?”

“ह्यात तळमजल्यास टॉयलेट आहे. ह्यात नाही.”

“दोन वेगळ्या विभागांना जातात ते.”

“तेच विचारते. कोणत्या विभागास आहे आणि कोणत्या विभागास नाही?”

शेजारचा कॅशियर खोकला. त्याला मराठी कळत नव्हतं, पण माझं तोंड दिसत होतं.

“आणि क्लार्कास शिडी चढता आली पाहिजे म्हणून लिहिलंत,” ती म्हणाली. “नऊ वर्षांत मी शिडी पाहिली नाही.”

“रेकॉर्ड रूममध्ये आहे.”

“तुम्ही चढलात कधी?”

“मला उंचावर गरगरतं.”

“मग तुमच्या पदास कोणी तक्ता भरला नाही, नशीब.” ती हसली नाही. काठी टेबलाला टेकवून तिने दोन्ही कागद माझ्यासमोर सरळ लावले. “सार, मी ह्या जागेसाठी नऊ वर्षं बसले. आडी महिन्यात, तुमच्या आषाढात, माझं अर्जाचं वय संपतं. तुम्हांस ठाऊक आहे, माझ्या कागदांवर तुमचीच सही आहे.”

“बघतो,” मी म्हणालो.

दोन्ही पत्रं त्या संध्याकाळी गेली. शेवटची तारीख होती, आणि आमच्याकडे चुकीचं उत्तर वेळेवर जाणं हे बरोबर उत्तर उशिरा जाण्यापेक्षा चांगलं मानतात. दुरुस्तीचं पत्र पाठवता आलं असतं. त्यासाठी मी एक टिपणी लिहायला हवी होती. टॉयलेट आहे असं लिहिलं तर आधी नाही का लिहिलं, असा प्रश्न येणार. कुलपाखाली होतं म्हणावं तर कुलूप कोणी लावलं, किल्ली कोणाकडे. सगळ्या रस्त्यांच्या शेवटी माझी सही होती. आणि त्याच सुमारास बढतीची यादी निघायची होती, तिच्यात माझं नाव असण्याची शक्यता होती.

मी टिपणीचा कोरा कागद खणात ठेवला, किल्लीखाली.

रोज सकाळी ती यायची, बाटली टेबलावर ठेवायची आणि एकदा माझ्याकडे बघायची. मी फाइलीत बघायचो. त्याबद्दल ती पुन्हा एकदाही बोलली नाही. बोलली असती तर मला तिचा राग तरी धरता आला असता.

एकदा सकाळी कॉफी घेताना मी बायकोला सगळं सांगितलं. किल्ली, नोंदवही, बाटली, तक्ता. मला वाटलं होतं ती म्हणेल, तुम्ही एकटे काय करणार. ती इडलीचं पीठ ढवळत होती.

“हे मला का सांगताय?” ती म्हणाली.

“मनावर ओझं आहे.”

“सांगून तुमचं ओझं हलकं होतं. तिचं काय होतं?”

मी कॉफीचा कप खाली ठेवला.

“ती बाई दिवसभर पाणी पीत नाही आणि तुम्ही तिच्या चार पावलांवर बसून ते मोजता. वर तिला शाबासकी लिहिता. उठत नाही म्हणून.” तिने झाकण ठेवलं. “आपल्या घरात किल्ली खिळ्याला असते. तुमच्या सरकारकडे खिळा नाही?”

त्या दिवशी मी टिपणी लिहिली. तिने कागद माझ्यासमोर ठेवल्याला त्रेचाळीस दिवस झाले होते. बढतीची यादी एकेचाळिसाव्या दिवशी लागली होती आणि तिच्यात माझं नाव होतं. याला योगायोग म्हणावं असं मला फार वाटतं. बायकोच्या बोलण्याने मी हललो असंही मी काही दिवस स्वतःला सांगत होतो. पण यादी लागली नसती तर मी ते बोलणंही गिळलं असतं.

मोठ्या साहेबांनी टिपणी दोनदा वाचली. “म्हणजे टॉयलेट आहे?”

“आहे, सर.”

“मग मागच्या पत्रात?”

“नजरचुकीने राहिलं.”

“एवढं मोठं टॉयलेट नजरेतून सुटलं?” ते म्हणाले. त्यांचे हात अजून ओले होते. थोडा विचार करून त्यांनी पेन मागितलं. “असं लिहा. ‘आता सुविधा उपलब्ध झाली आहे.’ म्हणजे आधीचंही खरं आणि आताचंही खरं. आणि शिडीचं काय?”

“मोठ्या पुरात रेकॉर्ड रूममध्ये पाणी शिरलं तेव्हाच ती मोडली, सर. नवीन घेतलेली नाही.”

“मग चढणं काढून टाका.”

इतकंच होतं. ज्या कामाला त्रेचाळीस दिवस लागले त्याला सहा मिनिटं लागली. मी स्वतः खाली जाऊन दाराशेजारी खिळा ठोकला, किल्ली अडकवली आणि नोंदवही बंद केली. तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “सरि, सार,” म्हणजे ठीक आहे, आणि पुढचं पान टाइप करायला घेतलं. दुपारी तिची बाटली रिकामी दिसली. मला इतका आनंद झाला की मी संध्याकाळी बायकोसाठी मोगऱ्याचा गजरा घेतला. हा मूर्खपणा मी इथे मुद्दाम नोंदवतो आहे.

वरून मंजुरी आली, पद योग्य ठरलं, जाहिरातीचा मसुदा आला. तो तिनेच टाइप केला. वयाची मर्यादा मोजायची तारीख मसुद्यात छापील होती. त्या तारखेला तिचं वय एकोणीस दिवसांनी जास्त होत होतं. मी बघत होतो. त्या ओळीवर तिची बोटं थांबली नाहीत. कागद काढून तिने माझ्यापुढे ठेवला.

“तपासून घ्या, सार. आकडे विशेष.”

एकोणीस दिवसांची सवलत मिळावी म्हणून मी वर पत्र लिहिलं. तीन पानी, नोकरीतलं माझं सर्वांत चांगलं पत्र. त्यात नऊ वर्षांची सेवा होती, कायद्याचा हेतू होता, स्त्री म्हणून आणि दिव्यांग म्हणून दुहेरी अडचण होती. माझे त्रेचाळीस दिवस त्यात नव्हते. उत्तर एका ओळीचं आलं: नियमात तरतूद नाही.

जागेवर वेलचेरीची एक मुलगी निवडली गेली. तिला ऐकू येत नाही. कामाला हुशार, अक्षर सुरेख, तिला नाव ठेवायला जागा नव्हती आणि ती जागा तिच्याही हक्काची होती. पद कायमचं भरलं गेल्यामुळे कंत्राटी माणसाची गरज उरली नाही. जाण्याआधी महिनाभर आमच्या बाईंनी त्या मुलीला सगळं काम शिकवलं, कागदावर लिहून लिहून. शेवटच्या दिवशी शाल आणि फोटो झाला. वार्षिक अहवालात ‘दिव्यांग महिलेला कायम नियुक्ती’ असं एक पान आलं. त्यात नव्या मुलीचा फोटो होता आणि संपर्क अधिकाऱ्याच्या प्रयत्नांचा उल्लेख होता. नऊ वर्षं काम केलेली दिव्यांग महिला त्याच महिन्यात बेकार झाली, हे लिहायला तक्त्यात रकाना नव्हता.

मी बढती घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेलो. संपर्क अधिकाऱ्याचं काम दुसऱ्याकडे गेलं.

चार-पाच महिन्यांनी एकदा सकाळी लवकर निघालो, तर मांबलम स्टेशनच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला ती उभी दिसली. ती माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहते हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. श्रीपेरुंबुदूरच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात तिला नोकरी मिळाली होती, कंपनीच्या बसची वाट बघत होती.

“कायम?” मी विचारलं.

“तिथेही कंत्राटच, सार. कंत्राटास काय, सगळीकडे मिळतं.”

बस आली. तिची पहिली पायरी चांगलीच उंच होती. मी मदतीला हात पुढे केला, तोवर ड्रायव्हरने सीटखालून एक लाल प्लास्टिकचं स्टूल काढून रस्त्यावर ठेवलं. स्टुलावर पाय, मग पायरीवर, आणि ती आत. ड्रायव्हरने स्टूल उचलून परत ठेवलं. समिती नव्हती, तक्ता नव्हता, फोटो नव्हता.

खिडकीतून ती म्हणाली, “सार, किल्ली खिळ्यास आहे ना?”

“आहे.”

“पाहिलंत?”

बस गेली. मी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर अधिकाऱ्यांसाठी वेगळी सोय आहे.

कार्यालयात पोहोचल्यावर आधी तिथे गेलो. खिळा होता. दाराला कुलूप होतं. नवे संपर्क अधिकारी सज्जन गृहस्थ, मला बघून उभेच राहिले. “नवीन मुलगी जिना चढते, सर,” ते म्हणाले. “खालचं कोणी वापरत नव्हतं. म्हटलं, खराब होईल. पुढच्या महिन्यात तपासणी आहे.” त्यांनी खण उघडून किल्ली दाखवली. निळी पट्टी, माझं अक्षर. शेजारी गोळ्यांचं पाकीट होतं.

मी टिपणी लिहिणार होतो. खरंच, कागद ओढला होता.

दुसऱ्या दिवशी घरून स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गेलो आणि कार्यालय उघडायच्या वेळेला दाराचा बाहेरचा कडीकोयंडा काढायला बसलो. वॉचमन येऊन उभा राहिला.

“सार, ऑर्डर आहे का?” त्याने तमिळमध्ये विचारलं.

“येतेय.”

“आली की काढू या ना.”

“तू बॅटरी धर,” मी म्हणालो. त्याने मोबाइलची बॅटरी धरली. एक स्क्रू गंजला होता, तो निघायला वेळ लागला. आतली कडी होती, ती पुरेशी होती. कुलूप लागलेलाच कोयंडा मी नव्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी अजून तक्रार केलेली नाही. केली तर मला खुलासा द्यावा लागेल, आणि त्यात मागचं सगळं लिहावं लागेल. हा लेख त्याचाच कच्चा मसुदा समजायला हरकत नाही.

पुढच्या सोमवारी मी मुद्दाम त्या वेळेला त्या कोपऱ्यावर गेलो आणि तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

“म्हणजे सगळे मिळून चार स्क्रू होते.”

“सहा,” मी म्हणालो.

“आकडे तुम्ही नेहमी नीट तपासता, सार.”

मला काही बोलायचं होतं. ‘माफ कर’ हे शब्द मी घरून तयार करून आणले होते. पण ते ऐकून घ्यायचं काम पुन्हा तिलाच करावं लागलं असतं, आणि माझी पुष्कळ कामं तिने आधीच केली होती. बस आली. लाल स्टूल खाली आलं, वर गेलं. खिडकीशी बसून तिने पिशवीतून बाटली काढली आणि बस सिग्नलला उभी होती तेवढ्यात अर्धी संपवली.